गुफेच्या दारावरची ओळ

ग्वाल्हेर,
मे महिना, भर दुपार

प्रिय अण्णा,

पत्र का लिहितेय ते आधी सांगून टाकते. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. जन्मभर मी एखादं वाक्य सुरू करायचे आणि तुम्ही ते अर्ध्यावर पकडून उत्तर देऊन मोकळे व्हायचात. ते उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं, हा वर आणखी त्रास! आज मला पूर्ण बोलायचंय. उद्या सकाळी कॉलेजात बैठक आहे आणि तुमच्या गुफेचं पुढे काय करायचं ते मला सांगायचंय. तुम्हाला न विचारता.

सकाळपासून घरात नुसत्या येरझारा चालल्यात माझ्या. आधी जेवणाच्या टेबलाशी बसले, मग तुमच्या खोलीत, आता पुढच्या खोलीत कूलरसमोर. कागद उडतोय म्हणून त्यावर तुमच्या चष्म्याचं घर ठेवलंय. आई दोनदा डोकावून गेली. "अगं, एका जागी बस तरी. चैन नाही का तुला?" नाही चैन. तिला काय सांगू?

बाहेर लूचे भाजणारे झोत सुटलेत, कॉलनीत चिटपाखरू नाही. तुम्ही गेलात जानेवारीच्या दाट धुक्यात, खोलीत पंखासुद्धा बंद असताना. शेवटपर्यंत तत्त्वाला जागलात म्हणायचं! पण त्यामुळे हा तुमच्याशिवायचा पहिला उन्हाळा, आणि या उन्हाळ्यानंच सगळा घोळ करून ठेवलाय.

मेकॅनिकल विभागाच्या मागची ती पडीक शेड आठवते? मोडक्या खुर्च्या आणि कबुतरं, एवढंच असायचं तिथे. तुम्ही ती मागून घेतलीत. जमिनीखालून लांबलचक नळ टाकलेत, म्हणजे बाहेरची भाजलेली हवा मातीच्या पोटातून निवत निवत आत यावी. छताला चुना, खिडक्यांना खसच्या टट्ट्या, पाणी मारलेल्या वाळ्याच्या. भिंती इथल्याच दगडाच्या, जाडजूड. आधी लोक हसले. मग मे महिन्यात तेच लोक काही ना काही काम काढून दुपारी तिथे येऊन बसायला लागले. पोरांनी नाव पाडलं गुफा. तुम्ही इतके खूश झालात की पेंटर बोलावून दारावर निळ्या अक्षरांत लिहून घेतलंत: 'यहाँ एसी नहीं है। ज़रूरत भी नहीं।' बाहेरगावचे प्राध्यापक त्या ओळीपुढे उभं राहून फोटो काढायचे आणि तुम्ही शेजारी हाताची घडी घालून, नवरदेवाच्या बापासारखे!

गुफा नुसती थंड नव्हती, हेही लिहायला हवं. दाराशी पायरी नव्हती, उतार होता. टेबलं वर-खाली होणारी. आणि तुम्ही फळ्याकडे तोंड करून कधी बोलत नसत. फार पूर्वी तुमच्या वर्गात ऐकू न येणारा एक मुलगा होता, ओठ बघून समजून घ्यायचा. त्याच्यासाठी लागलेली ती सवय. लिहायचं, वळायचं, मग बोलायचं. घरी मीठ मागायलासुद्धा तुम्ही आईकडे पूर्ण वळायचात आणि ती म्हणायची, "अहो, मला ऐकू येतं!"

कुणाला वेगळ्या खोलीत बसवायचं नाही, हा तुमचा दुसरा हट्ट. परीक्षेला म्हणून नाही, सोयीसाठी म्हणूनही नाही. "वेगळी खोली म्हणजे हाकलणंच. फक्त दार जरा बरं असतं," असं तुम्ही भर बैठकीत म्हणाला होतात. विभागप्रमुख तोमर सर खाली मान घालून चहा ढवळत बसले होते, साखर नसलेला चहा.

हे दोन हट्ट लक्षात ठेवा अण्णा. एसी नाही आणि वेगळी खोली नाही. आता त्यांचीच एकमेकांशी जुंपली आहे.

पाणी पिऊन आले. माठाचं. फ्रिजचं प्यायले असते तर तुम्ही भिंतीवरच्या फोटोतून बघितलं असतंत.

पलककडे येते. दाल बाज़ारातल्या डाळीच्या व्यापाऱ्याची ती मुलगी. शाळेत असताना गच्चीवरून पडली, तेव्हापासून छातीखालचं अंग तिचं ऐकत नाही. हुशार, आणि जिभेला धार अशी की तुमचीच वाटावी. तिला मेकॅनिकलच हवं होतं. सगळे म्हणत होते, कॉम्प्युटर घे बाई, बसून होतं. तुम्ही तिच्या वडिलांच्या दुकानात जाऊन पोत्यावर बसलात. मी बरोबर होते, मिरचीच्या खकाण्यानं शिंकत होते. ते म्हणाले, "मास्टर साहब, लड़की मशीन तक जाएगी कैसे?" तुम्ही म्हणालात, "लड़की नहीं जाएगी। मशीन आएगी।" आणि खरंच तुम्ही एक लेथ खाली बसवून घेतलंत, तिच्या खुर्चीच्या मापानं. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला होता की घरी येताना सराफ्यात थांबून तुम्हाला जिलबी खाऊ घातली होती, साखर वाढलेली असताना. आईला अजून माहीत नाही.

आणि मग जुलैत तुमचा पहिला तास. तो मलाही पाठ आहे, मीही त्या वर्गात बसले आहे. उष्णतेचा विषय तुम्ही सूत्रानं सुरू करत नसत. पंखा लावायचात आणि विचारायचात, पंखा हवा थंड करतो का? निम्मा वर्ग हो म्हणायचा. नाही! हवा तीच, गार वाटतं ते अंगावरचा घाम वाळतो म्हणून. "पसीना दुनिया का सबसे सस्ता एसी है! सबको मुफ़्त मिला है!" मग तो तुमचा ठेवणीतला प्रश्न: "किसको पसीना नहीं आता? हाथ उठाओ!" वर्ग हसायचा, तुम्हीही हसायचात. हात कुणाचाच वर नसायचा. तुम्ही खडू उचलून पुढे जायचात.

त्या वर्षी पलक पुढच्या रांगेत बसली होती.

तिला घाम येत नाही अण्णा! गळ्यापाशी, कपाळावर येतो तेवढाच. छातीखाली नाहीच. मणक्याला तशी इजा झाली की शरीराला ते जमत नाही. तुम्ही जन्मभर उष्णता शिकवलीत. ती कुठून येते, कुठून जाते, भिंतीतून किती, खिडकीतून किती. तुमची सगळी गुफा या एका गोष्टीवर उभी होती की हवा जराशी निवली आणि हलती राहिली की माणसाचं अंग बाकीचं काम स्वतः करतं. आणि ज्या एका अंगाला ते काम येत नव्हतं ते तुमच्यापासून दोन हातांवर बसलं होतं. तुम्ही तिच्यासाठी लेथ मोजलंत, उतार मोजलात. हे कसं नाही विचारलंत?

उठले होते. खिडकीपर्यंत जाऊन आले. मला तुमचा राग आलाय हे आजवर कधी म्हटलं नव्हतं, म्हणून पुन्हा लिहिते. मला तुमचा राग आलाय.

गेल्या आठवड्यात गुफेत प्रॅक्टिकलची परीक्षा होती. तुमचा विषय या वर्षी माझ्याकडे आलाय, त्यामुळे मीच होते. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या पुढे, पण आत आम्हाला सगळ्यांना बरं वाटत होतं. मी मनात म्हणतसुद्धा होते, अण्णा, तुमचे नळ चालताहेत हो! तेवढ्यात पलक म्हणाली, "मैडम, अक्षर हिल रहे हैं।" तिचा चेहरा लालबुंद. दंडाला हात लावला तर कोरडा, आणि तव्यासारखा तापलेला. पुढचं वाक्य तिला नीट बोलता येईना. मी आणि वर्गातल्या दोन मुलींनी तिची खुर्ची पळवत पळवत प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत नेली. तीच खोली, जिला तुम्ही बर्फाचा कारखाना म्हणायचात. तिथे सोफ्यावर निजवून ओले टॉवेल घातले, एसी पूर्ण सोडला, डॉक्टरांना बोलावलं. हळूहळू ती ताळ्यावर आली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, थोडं थांबला असतात तर अवघड होतं. मी त्या एसीकडे बघत उभी होते. घरंगळत येणारी ती गार हवा मला कधी एवढी गोड लागली नव्हती.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. विचारलं, अगं, सरांना सांगितलं का नाहीस? तो प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा तरी?

ती हसली. "मैडम, पसीना गर्दन तक तो आता है। आधा हाथ उठाती क्या?"

मी हसले नाही. मग तीही गंभीर झाली. म्हणाली, "सर ने मशीन नीचे करवाई, ढलान बनवाया, दुकान पर आके पापा से लड़े। अब उन्हीं से बोलूँ कि सर, आपकी गुफा में मेरा जी घबराता है? एक ही आदमी से कितना माँगूँ, मैडम?"

हे ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

तिच्याकडे एक फवारा असायचा, आठवतं? इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा असतो तसला. तासाला मध्येच ती हातांवर, पायांवर पाणी मारायची आणि तुम्ही म्हणायचात, "क्यों भई, होली आ गई?" सगळे हसायचे, तीसुद्धा. ती काय करत होती कळतंय का तुम्हाला? जो घाम तिला येत नव्हता तो ती बाटलीतून आणून अंगावर घालत होती. तुमचाच धडा, तुमच्यासमोर, रोज! गेल्या आठवड्यात परीक्षा म्हणून तिनं बाटली बॅगेतून काढली नव्हती. कुणाला वाटायला नको, बाटलीवर कॉपी लिहून आणलीय.

तुम्ही कुणाकडे पाठ करून बोलला नाहीत. पण बोलत तुम्हीच होतात, अण्णा.

हे वाक्य खोडावंसं वाटलं. खोडत नाही. तुम्ही खोडलं नसतंत.

आता उद्याचं. कॉलेजला गुफेवर तुमचं नाव द्यायचंय. संगमरवरी पाटी, फुलांची तोरणं, बाहेरून पाहुणे. दारावरची ओळ नव्यानं रंगवायची. तोमर सर खरोखर प्रेमानं बोलतात, त्यात खोट नाही. "मैडम, सर की गुफा वैसी की वैसी रहेगी। बच्ची की चिंता मत कीजिए, गर्मियों में घर से ऑनलाइन कर ले। परीक्षा प्रिंसिपल साहब के कमरे में।" म्हणजे वेगळी खोली. बऱ्या दाराची. मी म्हटलं, सर, हेच तर अण्णांना चालत नव्हतं. ते म्हणाले, एसी भी तो नहीं चलता था! आप बेटी हैं, जो कहेंगी वही होगा।

बघा कसं अडकवलंत मला. दोन्ही तुमचेच शब्द, आणि एक पाळला की दुसरा मोडतो!

पलकला विचारलं मी. या वेळी विचारलं. म्हणाली, "अकेले बैठ के इंजीनियर बनना होता तो मोबाइल पे बन जाती।" एक वर्ष राहिलंय तिचं. तिच्या वडिलांनी तर सांगून टाकलंय की सोय झाली नाही तर बस झालं कॉलेज, मुलगी जिवंत हवी. त्यांना काय म्हणणार? पोत्यावर जाऊन बसायला या वेळी तुम्ही नाही.

तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांपर्यंतही गोष्ट गेली. काल एकाचा फोन. "मिनूताई, सरांच्या गुफेत एसी? लोक काय म्हणतील?" हा स्वतः बंगळुरूला एसीत बसून फोन करत होता, मागे घरघर ऐकू येत होती. मी त्याला चांगलं सुनावलं. म्हणजे सुनावलं, पण फोन ठेवल्यावर.

आणि तुमचं बोलणं तर कानात चालूच आहे. "मिने, उष्णता नाहीशी होत नसते. एसी म्हणजे आपलं ऊन उचलून शेजाऱ्याच्या अंगणात टाकणं." खरं आहे. मला ते अजूनही खरंच वाटतं. दरवर्षी सिटी सेंटरच्या त्या गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंच्या मशीनांची धग तोंडावर येते, आणि मला तुम्हीच आठवता. मी तुमच्या विरुद्ध नाही. तेच तर अवघड आहे. विरुद्ध असते तर काल दुपारीच एसीला हो म्हणून झोपले असते.

मघाशी आई पन्हं घेऊन आली. मी तिला शेवटी सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, म्हणेल की ते गेले आणि मुलीनं मशीन लावली. ती माझ्यासमोर बसली, पदरानं मान पुसली. म्हणाली, "मी पण मागायची ना एसी. माझी ती अंगाची लाही व्हायची वर्षं होती तेव्हा. आठवतं? ते लेक्चर द्यायचे. बरोबरच असायचं लेक्चर. मग मी बोलणं सोडून दिलं. त्यांना वाटलं, उकडणं सुटलं."

मग ग्लास उचलून आत जाताना म्हणाली, "लाव तू. प्रेम होतं गं त्यांचं. पण विचारायला वेळ नाही मिळाला त्यांना."

वेळ नाही मिळाला! अण्णा, तुमची बाजू आजही तीच घेते.

ती गेल्यावर मी तुमच्या टेबलाशी आले आणि हिशेब करायला बसले. पैशांचा नव्हे, उष्णतेचा. तुमच्याच पद्धतीनं. बाहेरची हवा थेट मशीनला दिली तर मशीन ऊर फुटेस्तोवर धावणार. पण तीच हवा आधी तुमच्या नळांतून आणली, मातीनं तिची मस्ती उतरवली, तर मशीनला उरतं थोडंसंच काम. मोठं मशीन नकोच, छोटं पुरतं. बाहेरचा भाग छतावर, सायकल स्टँडवर बसणाऱ्या चौकीदाराच्या तोंडावर नाही. ऊन शेजाऱ्याच्या अंगणात जाणार नाही एवढं तरी बघता येतं. आणि लावायचं तेव्हाच, जेव्हा गरज असलेलं माणूस आत असेल. हे तुम्हाला सुचलं असतं. पलकनं एकदा अर्धा हात वर केला असता तर त्याच संध्याकाळी तुम्ही याच टेबलाशी बसून, चहा गार करून, हे सगळं मांडून ठेवलं असतंत, आणि सकाळी तोमर सरांशी भांडायला गेला असतात. याची मला इतकी खात्री आहे की डोळ्यांत पाणी येतंय. तिनं हात वर का केला नाही, एवढंच तुम्हाला कधी कळलं नाही. आता तुम्हाला सांगायचं तरी कुठे?

म्हणून उद्या मी हो म्हणणार आहे, एसीला. वेगळ्या खोलीला नाही. तुमच्या दोन हट्टांतला एक मी मोडतेय, आणि कुठला मोडायचा ते मी एकटीनं ठरवलंय. रागवा. हक्क आहे तुमचा. गुफेवर तुमचं नाव लागेल, पाटी लागेल, फुलंही लागू देत. पण ती निळी ओळ नव्यानं रंगवायला येणाऱ्या पेंटरला मी सांगणार आहे, पहिलं वाक्य आधी पुसा, ते आता खरं नाही. आणि दुसरं पुसायला ब्रश माझ्या हातात द्या. 'ज़रूरत भी नहीं.' तेवढं मला स्वतः पुसायचंय. कुणाला कशाची गरज नाही हे दारावर लिहून ठेवलेल्या जागी आत येऊन कोण मागणार, अण्णा?

तिथे काय लिहायचं, असं तोमर सर विचारतील. काही नको. दार आहे, ते दारासारखं असू दे.

आणि एक वचन. जुलैत पहिला तास माझा. पंखा लावीन. हवा थंड होते का विचारीन, निम्मा वर्ग हो म्हणेल. घामाचं सांगीन, तुमच्याच शब्दांत, तुमच्याच हातवाऱ्यांसकट. मग तुमचा प्रश्न विचारीन, तोच, "किसको पसीना नहीं आता? हाथ उठाओ।" फक्त हसणार नाही आणि खडूही उचलणार नाही. वर्गाकडे तोंड करून उभी राहीन. कुणी हसलं तर हसणं संपेपर्यंत, आणि नंतरही, थांबून राहीन.

अर्धा हात वर आला तरी दिसेल मला.

तुमची, आज पूर्ण बोललेली,
मिनू